राखणदाराची साके

मी तेव्हा पवईला एका जपानी कंपनीत दुभाषी होते. पंप, व्हॉल्व्ह, गॅसकेट, हमीची मुदत, असल्या शब्दांवर माझं पोट चालायचं. एक दिवस आमच्या जपानी साहेबांनी बोलावून घेतलं. त्यांच्या गावचे एक गृहस्थ मुलीला घेऊन मुंबईत येणार होते. त्यांचा साके बनवायचा कारखाना होता, पिढ्यान् पिढ्या घरातच चालत आलेला. भातापासून केलेली ही जपानी दारू त्यांना इथल्या हॉटेलांना दाखवायची होती. "आठवडाभर त्यांच्याबरोबर फिरशील का?" साहेबांनी विचारलं.

पंपांपासून सुटका होणार म्हणून मी लगेच हो म्हटलं. घरी मात्र आईला इतकंच सांगितलं की पाहुणे खाण्यापिण्याच्या धंद्यातले आहेत. आमच्या घरात दारू हा शब्द कोणी उच्चारत नसे. कारण माझा मामा.

मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. मालवणकडच्या गावातून मुंबईला आला, गिरणीत लागला आणि परळच्या आमच्या एका खोलीत आई-बाबांबरोबरच राहायला लागला. भजनात पखवाज वाजवायचा. मला खांद्यावर घेऊन अख्ख्या चाळीला चक्कर मारायचा. मग गिरणी बंद पडली. आधी संध्याकाळी प्यायचा, मग दुपारी, मग सकाळीसुद्धा. मी शाळेत असतानाच तो गेला. आम्ही परळ सोडून मुलुंडला आलो, आणि येताना आईनं मामाला तिकडेच ठेवलं. त्याचं नाव काढलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. हळूहळू आम्हीही काढेनासे झालो.

पाहुणे आले ते मे महिन्यात. मालक सत्तरीचे, किडकिडीत, मुंबईच्या त्या घामात कोट-टाय घालून आलेले. लेक पस्तिशीची असेल. बोलायला वडिलांपेक्षा मोकळी, आणि हात बघितले तर शेतात राबणाऱ्या बाईसारखे लालसर, दणकट. कारखान्यात साके बनवण्याची मुख्य जबाबदारी तिचीच होती. तिची आजी त्याच घरात सून म्हणून आली आणि त्याच घरात म्हातारी झाली, पण साके जिथे बनते त्या कोठीत तिला कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं. बायकांनी आत जायचं नाही, अशीच तिकडची रीत. ही पहिली आत गेली.

"आणि वडिलांनी जाऊ दिलं?" मी विचारलं.

"मुलगा नव्हता ना त्यांना," ती हसून म्हणाली. मग वडिलांकडे बघत हळूच म्हणाली, "पण आता मुलगा असता तरी मीच गेले असते."

आम्ही अंधेरीतली हॉटेलं पालथी घातली. सगळीकडे तोच प्रकार. कोणी म्हणे, गरम करून पितात ना? कोणी एका घोटात संपवून दुसऱ्या ग्लाससाठी हात पुढे करी. मालक दर वेळी तितक्याच शांतपणे पहिल्यापासून सांगायचे. तांदळाचा दाणा घासून घासून निम्म्याहून लहान करतात, आतला पांढरा गर तेवढा ठेवतात. तो वाफवतात. थोड्या भातावर खास बुरशी वाढवतात, त्यानं भात गोड होतो. मग थंडीत, बर्फ पडत असताना, सगळं मोठ्या पिंपात हळूहळू आंबू देतात. घाई केली की वास जातो.

भाषांतर करताना मी अडखळायचे. आपल्याकडे दारू 'गाळतात', तिची 'भट्टी' असते. इथे गाळणं नव्हतं, भट्टी नव्हती. शेवटी मी 'मुरवतात' म्हणायला लागले. लोणच्यासारखं. हॉटेलवाल्यांना ते पटायचं.

तिसऱ्या की चौथ्या हॉटेलात लेकीनं एक छोटी वाटी माझ्यापुढे केली. मी पीत नाही म्हटल्यावर म्हणाली, "नुसता वास तर घे." मी घेतला. पिकलेल्या फळाचा वास होता, पण त्याच्याखाली अगदी ओळखीचं काहीतरी होतं.

"आमच्या आईनं आंबोळीचं पीठ भिजवून ठेवलं ना," मी बोलून गेले, "की सकाळी झाकण उघडताना असाच वास येतो."

"आंबोळी म्हणजे?"

तांदूळ आणि उडदाची डाळ वाटून आंबवायची, तव्यावर घालायची, असं मी सांगितलं. बापलेकींनी एकमेकांकडे बघितलं. धंद्याचं सगळं बाजूला राहिलं. "ते पीठ आम्हाला बघायला मिळेल का?" मालकांनी विचारलं. नाही कसं म्हणणार? रविवारी दुपारी जेवायला या म्हटलं.

आईनं शनिवारीच पीठ वाटून ठेवलं. रविवारी सकाळी बाजारातून सुरमई आणली, नारळ खवले, काळ्या वाटाण्याची आमटी केली. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गॅलरीत उभे. टॅक्सी आली, पाहुणे जिना चढून वर आले. मालक कमरेत वाकले, बाबांनी हात जोडले, ते परत वाकले, बाबांनी परत हात जोडले. हे थांबणार कसं या काळजीत मी असतानाच मालकांनी पिशवीतून निळ्या रुमालात बांधलेली वस्तू काढली. गाठ सोडली, आणि दोन्ही हातांनी ती आईपुढे धरली.

बाटली.

मला आधीच कळायला हवं होतं. साके बनवणारा माणूस कोणाच्या घरी जाताना दुसरं काय नेणार?

"अरे वा, अत्तर की काय?" बाबा म्हणाले. बाटली होतीच तशी, दुधी काचेची, वर ब्रशनं काढलेलं एकच अक्षर. पण आईला कोणी सांगावं लागलं नाही.

"ह्या काय गो?" तिनं मला विचारलं. घरात आई आमच्याशी साधं मराठी बोलायची. राग आला किंवा गहिवरली की मालवणी. "दारू?"

मी होकारार्थी मान हलवली. आईनं हात पुढे केला नाही. मालक तसेच, दोन्ही हातांत बाटली धरून, किंचित वाकलेले. त्यांच्याकडे दिलेली भेट खाली ठेवायची पद्धत नाही, आणि आमच्याकडे ती घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं. लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी जपानीत एवढंच म्हणाले, "आईच्या भावाला दारूनं नेलं."

मालकांनी बाटली छातीशी घेतली आणि ते सरळ उभे राहिले. माफी मागतील असं मला वाटलं. पण ते आईकडे बघत राहिले.

आई म्हणाली, "इचार त्येंका. तुमच्याकडे बायका-पोरां रडतत काय ह्याच्यापायी?"

मी घुटमळले. घरी आलेल्या पाहुण्याला असं कसं विचारायचं? बाबा मागून म्हणाले, "जसंच्या तसं सांग. फिरवू नकोस."

मी सांगितलं. मालकांनी खाली मान घातली आणि ते बोलायला लागले. ते थांबत थांबत बोलत होते, मी वाक्यामागून वाक्य आईला देत होते.

"रडतात. माझी आई रडली. कारखाना माझ्या थोरल्या भावाचा होता. तो माझ्याहून हुशार. नुसत्या वासावरून कुठल्या पिंपातली साके ते सांगायचा. मी शहरात बँकेत होतो. भाऊ आधी चवीपुरती प्यायचा, मग चवीचं निमित्त राहिलं. तो गेला आणि मला परत यावं लागलं. आमच्या आईनं त्यानंतर कारखान्याकडे तोंड करून कधी जेवण घेतलं नाही. तेव्हापासून मीसुद्धा नुसती चव घेतो आणि थुंकून टाकतो."

लेक वडिलांकडे बघतच राहिली. थुंकून टाकणं तिनं आयुष्यभर बघितलं होतं. कारखान्यातले सगळेच चव घेताना तसं करतात. पण वडिलांचं त्यामागचं कारण तिनं पहिल्यांदा ऐकलं ते मुलुंडच्या आमच्या बाहेरच्या खोलीत.

आई मऊ झाली नाही. तिनं लगेच पुढचा प्रश्न टाकला. "मगे कित्याक करतत?" मग कशाला करता?

"हा प्रश्न मी पण स्वतःला विचारतो," मालक म्हणाले. "आमच्या गावात हिवाळ्यात बर्फाखाली शेतं जातात. शेतकरी आमच्याकडे कामाला येतात. त्यांचे बापही आमच्याकडेच यायचे. आणि आमच्याकडे लग्नात ही लागते. शेत लावताना लागते. नव्या साकेची पहिली बाटली देवापुढे ठेवतो. भाऊ गेला तेव्हा त्याच्यापुढेही हीच ठेवली. दुसरं काय ठेवणार होतो?"

आईनं बाटलीवरच्या अक्षराकडे बघितलं. मग तिनं मला विचारलं, "देवापुढे ठेवतत?"

"हो."

"म्हणजे राखणदाराक देतत तशी."

कोकणात गावच्या वेशीवर राखणदार असतो. दिसत नाही, पण गाव सांभाळतो. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, कोंबडा आणि दारूची बाटली. आईचे वडील दर वर्षी द्यायचे, आणि ती लहानपणी त्यांच्यामागे उभी असायची. मी हे जपानीत सांगितलं तशी मालकांनी भुवया उंचावल्या. तुमच्याकडेही?

आईनं पदर खांद्यावर नीट घेतला आणि दोन्ही हात पुढे केले. "ही आमी पिवचो नाय," ती थेट मालकांना म्हणाली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "राखणदाराक देवया. चलात?"

मी भाषांतर केलं. मालक इतके खाली वाकले की त्यांचा टाय लोंबत राहिला. आमची बाटली यापेक्षा चांगल्या जागी कधी गेली नाही, असं ते म्हणाले. आईनं बाटली घेऊन फ्रिजवर ठेवली, रुमालाची घडी घालून त्यांना परत दिली आणि म्हणाली, "जेवा आता. आमटी निवता."

मग स्वयंपाकघराचा ताबा लेकीनं घेतला. पिठाच्या टोपावरचं झाकण काढून तिनं डोळे मिटून वास घेतला. यात काय घालता? काहीच नाही? आपोआप होतं? थंडीत किती वेळ ठेवता? आई उत्तरं देत होती आणि आंबोळ्या घालत होती. तांदूळ घासून निम्मा करतात हे ऐकून तिचं उलथनं हवेत थांबलं. "निम्मो तांदूळ फुकट?"

"फुकट नाही," लेक घाईनं म्हणाली. "त्या पिठाची बिस्किटं करतात."

"हां, मगे बरोबर."

भातावर बुरशी मुद्दाम वाढवतात, हे मात्र आईला शेवटपर्यंत पटलं नाही. बाबांनी हापूस कापला. मालकांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, टाय सैल केला आणि आंब्याची बाठ दोन्ही हातांनी धरून चोखली.

पाऊस सुरू व्हायच्या आधी बाबा ती बाटली घेऊन कोकणातल्या आमच्या गावी गेले. राखण दिली तेव्हा गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, माझ्या चुलतभावानं घातलं आणि बाबांनी ते मोबाईलवर टिपलं. वेशीवरच्या वडाखाली केळीचं पान, त्यावर ती दुधी काचेची बाटली, आणि भाऊ खणखणीत आवाजात सांगतोय, बा म्हाराजा, ही जपानसून इल्ली सेवा मानून घे, त्येंच्या कारखान्याची आणि लेकीबाळींची राखण कर. मागून सगळे, "होय म्हाराजा!" मी ते भाषांतरासकट पाठवून दिलं. लेकीचा फोन आला. वडिलांनी ते कारखान्यातल्या सगळ्यांना जमवून दाखवलं होतं, आणि दुसऱ्या वेळी दाखवलं तेव्हा तिकडचे म्हातारे शेतकरीही शेवटी एका सुरात "होय म्हाराजा" म्हणाले.

पुढच्या मे महिन्यात ती एकटीच आली. वडिलांच्यानं प्रवास होत नव्हता. अंधेरीच्या एका हॉटेलानं थोडी साके घ्यायला सुरुवात केली होती, त्यांना भेटायचं होतं. पण विमानतळावरून ती आधी मुलुंडला आली. बॅगेतून तिनं एक चपटं पाकीट काढलं. आत पांढरा, ओलसर लगदा. आंबलेला भात कापडातून पिळून साके काढली की मागे राहतो तो चोथा. त्यांच्याकडे त्यात मासे मुरवतात.

आईनं वास घेतला. "आंबोळीचा पीठ!" म्हणाली. मग लगेच सावध झाली. "ह्याच्यात दारू आसा?"

लेकीनं लपवलं नाही. "थोडी असते. तव्यावर उडून जाते. पण तुम्हाला नको असेल तर मी परत नेईन."

आईनं पाकीट बोटांनी दाबून बघितलं. मग म्हणाली, "मासो खंयचो घालतत?" कुठला मासा घालतात?

सुरमईच्या तुकड्या मीठ लावून त्या लगद्यात दोन दिवस ठेवल्या, आणि लेक तळायला परत आली. तळताना पहिली तुकडी करपली, कारण त्यात साखर असते हे आईला माहीत नव्हतं आणि लेकीला आमचा गॅस. दुसऱ्या खेपेला दोघींनी मिळून आच कमी-जास्त केली. तपकिरी, चकचकीत तुकड्या निघाल्या. बाबांनी खाल्ल्या, मी खाल्ल्या. आई आमच्या तोंडाकडे बघत उभी.

मग तिनं एका तुकडीचा कोपरा मोडून तोंडात टाकला. हळूहळू चावला. 

"तुझ्या मामाक आवडला असता," ती म्हणाली.

बाबांचा हात ताटात थांबला. तीस वर्षांत ती पहिल्यांदा मामाबद्दल बोलली होती, आणि आवाज अगदी साधा होता, जणू मामा आत्ताच बाहेर गेलाय आणि त्याच्यासाठी तुकडी काढून ठेवायचीय.

लेकीनं विचारलं, "कोण?"

"माझो भाव," आई म्हणाली, आणि ओट्यापाशी स्टूल ओढून बसली. मग सांगायलाच लागली. मामा शिवडीहून डब्यातून जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, घेऊन यायचा. एकदा डबा उघडा राहिला आणि कुर्ल्या चाळीच्या पॅसेजभर पसरल्या. शेजारची म्हातारी खाटेवर उभी राहून देवाचा धावा करायला लागली आणि मामा चार पायांवर त्यांच्यामागे. गिरणीतल्या साहेबाची नक्कल काय करायचा! लग्नात आईची पाठवणी करताना रडला आणि दुसऱ्याच दिवशी वळकटी घेऊन तिच्याच घरी राहायला आला. मी भाषांतर करत होते. मधेच मी वाक्य अर्धं सोडलं, तर लेक म्हणाली, "राहू दे, मला कळतंय." आणि खरंच कळत असावं. आई हसली की ती हसत होती, आई थांबली की थांबत होती.

त्यानंतर आमच्या घरात मामा परत आला. सणावारी, जेवताना, टीव्हीवर भजन लागलं की. शेवटी तो प्यायचा हेसुद्धा आई सांगायची, पण गोष्टीच्या शेवटी एका वाक्यात. आधीची सगळी गोष्ट मामाची असायची.

मालक त्याच वर्षी थंडीत गेले, साके मुरत असताना. अंधेरीचं ते हॉटेल करोनात बंद पडलं ते पडलंच. मुंबईत त्यांची साके आता मिळत नाही. लेकीनं कारखाना लहान केला, पण चालू ठेवलाय. लग्न केलं, एक मुलगी झाली. पुढे आई गेली, ते मी तिला फोनवर सांगितलं. मग तिनं विचारलं, शेवटी त्रास झाला का? मी म्हटलं, नाही, झोपेतच गेली.

हिवाळ्यात ती अजून अधूनमधून व्हिडिओ कॉल करते. मागे वाफेचा लोट, डोक्याला रुमाल बांधलेली माणसं, खिडकीबाहेर बर्फ. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी जपानीतलं एकच वाक्य शिकून घेतलंय, ते माझ्या हातातून फोन ओढून घेऊन विचारतात, "जेवलात का?" ती हो म्हणते. मग बाबा मराठीत विचारतात, काय जेवलात, आणि फोन परत माझ्याकडे देतात.